‘तुला मी एवढीच दिसते का?’

पत्र लिहिणाऱ्या ताई ४७ वर्षांच्या आहेत आणि वाचनवेड्या आहेत. वाढदिवस असो, आजारपण असो, त्यांच्याकडून पुस्तकच येणार हे घरात आणि मैत्रिणींत ठरलेलं. गेल्या वर्षभरात त्यांनी चार जणींना विचारपूर्वक चार पुस्तकं दिली. पंधरा वर्षांच्या लेकीला वयात येण्याबद्दलचं, चार महिन्यांचं बाळ असलेल्या धाकट्या बहिणीला मातृत्वावरचं, घटस्फोटातून जाणाऱ्या मैत्रिणीला एका घटस्फोटित बाईचं आत्मकथन आणि ७४ वर्षांच्या आईला उतारवयातल्या मनःशांतीवरचं. लेकीनं पुस्तक उघडलंसुद्धा नाही. बहीण ‘नंतर वाचते’ म्हणाली, ते अजून कपाटावर आहे. आई म्हणाली, ‘आता वाचवत नाही गं.’ मैत्रिणीनं तर पुस्तक परत आणून दिलं आणि विचारलं, ‘तुला मी एवढीच दिसते का?’ तेव्हापासून दोघींचं बोलणं तुटल्यासारखं झालंय. ताईंनी विचारलंय : ‘माझं कुठं चुकतंय? बाईच्या कुठल्या वयात, कुठल्या मनःस्थितीत कुठलं पुस्तक द्यावं, याची एक यादी तुम्ही द्याल का?’ पत्राखाली ताजा कलम आहे : ‘मी स्वतः वर्षभरात एकही कादंबरी पुरी केलेली नाही, पण तो वेगळा विषय.’

प्रिय ताई,

तुमचं पत्र वाचून मी खरोखरच यादी करायला बसले होते. कागदावर रकाने आखले : किशोरवय, पहिलं मूल, संसार मोडताना, चाळिशीनंतर, सत्तरीनंतर. पहिलं नाव सुचलं ते लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चं, आणि तिथंच पेन अडलं. १९३४ पासून भागाभागानं प्रसिद्ध झालेलं हे आत्मचरित्र लक्ष्मीबाईंनी उतारवयात लिहिलं. त्यात वडिलांच्या कडक सोवळ्याच्या धाकात गेलेलं बालपण आहे, लहानपणीच झालेलं लग्न आहे, नवऱ्यानं १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर वाट्याला आलेली ताटातूट आहे, पुन्हा उभा केलेला संसार आहे, आणि इतकं सगळं सोसलेलं असूनही पानोपानी हसू आहे. हे पुस्तक मी कुठल्या रकान्यात घालू? वडिलांच्या धाकातल्या मुलीच्या? नवऱ्यापासून दुरावलेल्या बाईच्या? मागं वळून पाहणाऱ्या आजीच्या? की ज्या दिवशी कुणालाही नुसतं हसायचंय, त्या दिवसाच्या? मी पेन खाली ठेवलं.

तेव्हा यादी मिळणार नाही. पण ‘माझं कुठं चुकतंय’ हा तुमचा प्रश्न मला यादीपेक्षा मोलाचा वाटला, कारण इतक्या प्रामाणिकपणे तो फार थोडे लोक विचारतात. त्याचं उत्तर जमेल तेवढ्या नीटपणे देते.

चारही वेळा तुम्ही एकच केलंत. त्या बाईच्या आयुष्यात सध्या जे चाललंय, तोच विषय पुस्तकात शोधलात. बाळ झालंय, म्हणून बाळाबद्दलचं. लग्न मोडतंय, म्हणून मोडलेल्या लग्नाबद्दलचं. यामागं एक समजूत आहे आणि ती काही तुमच्या एकटीची नाही. बायकांसाठी म्हणून निघणाऱ्या बहुतेक पुस्तकयाद्या तिच्यावरच उभ्या असतात : बाई ज्या टप्प्यावर आहे, त्या टप्प्याबद्दलच तिला वाचायचं असणार. पुरुषांच्या बाबतीत आपण असं धरून चालत नाही. नोकरीतून निवृत्त झालेल्या काकांना आपण इतिहास देतो, युद्धकथा देतो, एखादं जाडजूड चरित्र देतो. त्यांना निवृत्तीवरचं पुस्तक द्यावं असं चटकन मनात येत नाही. काकांना कुतूहल असतं हे आपण गृहीत धरतो. बाईच्या बाबतीत मात्र तिची परिस्थिती आधी दिसते.

मला वाटतं ते सरळ सांगते. आयुष्याच्या टप्प्यावरून बाईकडे वेळ किती आहे, तिची झोप किती होतेय, डोळे कसे आहेत, हात मोकळे आहेत का, एवढं कळतं. तिला काय वाचायचंय हे कळत नाही. म्हणून टप्पा पाहून पुस्तकाची जाडी ठरवावी, टाइप ठरवावा, प्रकरणं केवढी हवीत ते ठरवावं. विषय मात्र तिच्याकडूनच जाणून घ्यावा.

हे म्हणताना माझ्या मनात नेहमी राससुंदरी देवी येतात. एकोणिसाव्या शतकातल्या बंगालमधल्या या बाई. बाराव्या वर्षी लग्न झालेलं, पदरात मुलं, दिवसभर घरचं काम, आणि बाईनं अक्षर गिरवणं म्हणजे पाप अशी भोवतालची समजूत. त्यांना ‘चैतन्यभागवत’ वाचायचं होतं. नवऱ्याच्या पोथीतलं एक सुटं पान त्यांनी काढून घेतलं, मुलानं अक्षरं गिरवलेलं एक ताडपत्र लपवून ठेवलं, आणि स्वयंपाक करताकरता डाव्या हातात ते पान धरून, पदराआडून पाहत, अक्षराला अक्षर जुळवत त्या वाचायला शिकल्या. पुढं त्यांनी आत्मचरित्र लिहिलं, ते बंगालीतलं पहिलं आत्मचरित्र मानलं जातं. त्यांच्या टप्प्यानं काय ठरवलं होतं? की पुस्तक एकाच पानाचं असणार, ते एका हातात मावायला हवं आणि कुणी आलं तर पदराखाली जायला हवं. काय वाचायचं ते मात्र त्यांचं त्यांनी ठरवलं होतं, आणि त्यात मुलं सांभाळण्याबद्दल काही नव्हतं.

आता माझं सांगते. माझी आई गेली त्या वर्षी मला तीन जणींनी दुःखावरची पुस्तकं दिली. तिघीही जिवाभावाच्या. मी ती उशाशी रचून ठेवली आणि वर्षभर रहस्यकथा वाचल्या, एकीमागून एक. अपराधी वाटायचं. आई गेलीय आणि मी खुनाच्या गोष्टी वाचतेय! पुष्कळ दिवसांनी उमगलं की रहस्यकथेत मृत्यूला उत्तर असतं. शेवटच्या पानापर्यंत कुणीतरी शोधत राहतं, आणि का झालं, कसं झालं ते सांगतं. माझ्याकडे ते उत्तर नव्हतं. त्या तीन पुस्तकांपैकी एक मी तीन वर्षांनी, एका रात्री, आपण होऊन उघडलं आणि पहाटेपर्यंत वाचून काढलं. पुस्तक तेच होतं. ते उघडायची वेळ माझी मी निवडली, एवढाच फरक होता.

त्यामुळं आरसा दाखवणारं पुस्तक वाईट, असं मी अजिबात म्हणणार नाही. ‘हे माझ्या एकटीलाच होत नाहीये’ हा दिलासा पुस्तकाइतका फार थोड्या गोष्टी देतात. वाचनानं मनाला उतार पडावा यासाठी ‘ग्रंथोपचार’ असा शब्दही आहे; त्याचा मूळ इंग्रजी शब्द १९१६ मध्ये सॅम्युअल क्रॉदर्स या अमेरिकन निबंधकारानं वापरात आणला. पण उपचार घेणाऱ्यानं मागावा लागतो. न मागता हातात ठेवलेलं तसं पुस्तक एक निरोप घेऊन येतं : तू सध्या अशी आहेस, असं मला वाटतं. तुमच्या मैत्रिणीला तो निरोप ऐकू आला. तिचा दिवस वकिलाच्या फोननं सुरू होत असेल, नातेवाइकांच्या चौकशीनं संपत असेल. तुमच्यासमोर तरी आपण पूर्वीच्याच आहोत, अशी तिची समजूत असणार. मग तुमच्या पिशवीतूनही तोच विषय निघाला.

आता एकेकीकडे येते.

बहिणीपासून सुरुवात करू, कारण तिथं पुस्तकापेक्षा महत्त्वाचंही काही आहे. अगदी तान्हं बाळ चोवीस तासांत ८ ते १२ वेळा दूध पितं. चार महिन्यांत हे जरा सावरतं, पण बाईची झोप तुकड्यातुकड्यांचीच राहते. तिचा एक हात कायम गुंतलेला, खोलीत मंद दिवा, आणि कुठल्याही क्षणी पुस्तक खाली ठेवावं लागेल ही टांगती तलवार. या बाईला पुठ्ठा बांधणीचं चारशे पानांचं पुस्तक म्हणजे अजून एक ओझं. तिला हलकं, एका हातात उघडं राहील असं, दोन-तीन पानांत एक तुकडा संपेल असं काही द्या. ललित लेख, छोट्या कथा, पत्रं, कविता. मोबाइलवर वाचता येणारं पुस्तक अशा वेळी फार सोयीचं, कारण त्याला वेगळा दिवा लागत नाही आणि पान अंगठ्यानं सरकतं. त्याहून सोयीचं ऑडिओबुक : एका कानात गोष्ट, दुसरा कान बाळाकडे. विषय मात्र तिच्या जुन्या आवडीचा. बाळ होण्याआधी ती काय वाचायची, आठवा. बाळ झालं म्हणून ती आवड कुठं गेलेली नसते. बहुतेक वेळा तिला तीच परत हवी असते.

एक तेवढं बघा. बाळंतपणानंतर पहिल्या काही दिवसांत रडू येणं, मन हळवं होणं हे पुष्कळजणींना होतं आणि ते आपसूक ओसरतं. पण उदासी दोन आठवड्यांच्या पुढं रेंगाळली, बाळ झोपलेलं असतानाही तिला झोप येईना, कशातच रस वाटेना, किंवा स्वतःला अथवा बाळाला इजा करण्याचे विचार ती बोलून दाखवू लागली, तर त्यावर पुस्तक हा इलाज नाही. तिला डॉक्टरकडे घेऊन जा, आणि इजेचा विचार बोलून दाखवला तर त्याच दिवशी न्या. प्रसूतीनंतरचं नैराश्य बरं होतं, मात्र त्यासाठी कुणीतरी ते वेळेत ओळखावं लागतं. तसं काही नसेल, तर पुस्तकाबरोबर तिला एक तास द्या. बाळ तुम्ही घ्या, दार लोटून घ्या आणि ती त्या तासात वाचतेय की झोपतेय, याची विचारपूस करू नका.

लेकीचा प्रश्न सोपा आहे, पण सोसायला अवघड. वयात येताना शरीरात काय बदल होतात, पाळी, संमती, सुरक्षितता याची माहिती तिला हवीच. ती तुम्ही सरळ, स्पष्ट शब्दांत बोलून द्या, आणि माहितीचं एखादं चांगलं पुस्तक तिच्या कपाटात गुपचूप ठेवा. अडलं की ती उघडेल. भेट म्हणून, रंगीत कागदात गुंडाळून ते देऊ नका. पंधराव्या वर्षी भेटीतून उपदेश निघाला की मुलं दार लावून घेतात.

डॅनिएल पेनाक या फ्रेंच लेखकानं, जो स्वतः शिक्षक होता, १९९२ मध्ये वाचकाचे दहा हक्क लिहिले. पहिलाच हक्क न वाचण्याचा. पुढं पानं गाळण्याचा आहे, पुस्तक अर्धवट सोडण्याचा आहे, तेच पुन्हा वाचण्याचा आहे, आणि दहावा आहे गप्प राहण्याचा. हा दहावा हक्क पाळणं आईला सगळ्यात जड जातं. ‘कसं वाटलं? काय शिकलीस त्यातून?’ असं आपण विचारतो आणि तिच्या वाचनाची परीक्षा होऊन बसते. तुमचं स्वतःचं कपाट तिला मोकळं ठेवा. त्यातलं तिनं काय उचललं ते पाहिलंत तरी बोलू नका. जी मुलगी आपल्याहून मोठ्यांच्या, दूरदेशीच्या, दुसऱ्या काळातल्या माणसांबद्दल वाचतेय, तीसुद्धा वयात येण्याबद्दलच वाचत असते. फक्त तिला ती वाट स्वतः सापडलेली असते.

आता आई. ‘आता वाचवत नाही गं’ या वाक्यात ‘आवडत नाही’ असं कुठंही म्हटलेलं नाही, हे तुमच्या लक्षात आलं का? माझी एक मावशी होती, आठवड्याला दोन पुस्तकं फस्त करणारी. सत्तरीनंतर तिचं वाचन थांबलं. आम्ही म्हणायचो, वय झालं, मन लागत नाही. एके दुपारी मी तिच्याकडे गेले तर ती खिडकीशी पुस्तक घेऊन बसलेली, नाकाला पान टेकेल इतकं जवळ धरलेलं, आणि ओळीखाली बोट. बोट ओळीच्या शेवटापर्यंत जायचं, परत सुरुवातीला यायचं आणि चुकून पुन्हा त्याच ओळीवर टेकायचं. खूणपट्टी दोन महिने त्याच प्रकरणात होती. तिला मोतीबिंदू होता. दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली, नवा चष्मा आला आणि पहिलं पुस्तक तिनं पाच दिवसांत संपवलं. त्याआधीची दोन वर्षं आम्ही तिला मन रमवण्याचे उपाय सांगत होतो, याची मला अजून खंत आहे.

जवळचं वाचायच्या चष्म्याला आपल्या भाषेत ‘चाळिशी’च म्हणतात. डोळ्यातलं भिंग वयानुसार ताठर होत जातं आणि चाळिशीच्या आसपास जवळचं धूसर दिसू लागतं, हे भाषेला केव्हाचं ठाऊक आहे. आपण मात्र वाचन सुटलेल्या बाईच्या मनाची चौकशी आधी करतो. तेव्हा आधी आईचे डोळे तपासून घ्या. वयाबरोबर वाचायला उजेडही पुष्कळ जास्त लागतो. तिच्या खुर्चीशेजारी, खांद्यामागून पानावर पडेल असा दिवा लावा. मोठा टाइप, मोकळ्या ओळी, मांडीवर पेलेल असं वजन, चकाकणारा कागद टाळलेला, एवढं पाहून पुस्तक निवडा. अक्षर मोठं करता येणारं ई-रीडर वापरायला ती तयार असेल तर उत्तमच.

विषयाचं म्हणाल तर एक विचारू? आईला मनःशांती हवीय असं तुम्हाला का वाटलं? ती तसं म्हणाली होती, की ७४ वर्षांच्या बाईला तेच हवं असणार असं आपण सगळेच धरून चालतो? तरुणपणी तिला राजेरजवाड्यांच्या कादंबऱ्या आवडत असतील, भुताखेतांच्या कथा आवडत असतील, तर त्याच द्या. पूर्वी आवडलेलं पुस्तक तिला पुन्हा द्या. चाळीस वर्षांनी तेच पुस्तक वाचताना तेव्हाची नायिका पोरसवदा वाटते आणि सासूचं म्हणणं पटायला लागतं. यात जो आनंद आहे तो नव्या पुस्तकात नाही.

आवड जाणून घ्यायची कशी, हे मी सिॲटलच्या नॅन्सी पर्ल या ग्रंथपाल बाईंकडून शिकले. त्यांचं म्हणणं, वाचक पुस्तकात चार दारांपैकी एकातून शिरतो : गोष्ट, माणसं, जागा किंवा भाषा. ‘तुला कसली पुस्तकं आवडतात’ असं विचारलं तर कुणालाच धड सांगता येत नाही. ‘तुला आवडलेल्या एका पुस्तकाबद्दल सांग’ म्हणा आणि नुसतं ऐका. ‘हातातून सुटेना, रात्री दोनला संपवलं’ असं म्हणाली तर तिचं दार गोष्टीचं. ‘ती आजी अजून आठवते गं’ म्हणाली तर माणसांचं. त्या वाड्याचं, त्या नदीचं वर्णन करत सुटली तर जागेचं. वाक्यंच्या वाक्यं पाठ म्हणून दाखवायला लागली तर भाषेचं. हे दार वयाबरोबर सहसा बदलत नाही, संकटातही बदलत नाही. कथानकावर प्रेम करणाऱ्या बाईला दुःखाच्या काळात तरल, संथ गद्य दिलं तर ती दोन पानांत मिटून ठेवील आणि आपलंच मन कोरडं झालं असं समजेल.

मनःस्थितीचं गणित याहून नाजूक आहे. ती सकाळी एक असते, संध्याकाळी दुसरी, आणि तुम्ही पुस्तक निवडून ते तिच्या हातात पडेपर्यंत तिसरी. तरी इतक्या वर्षांत काही ठोकताळे मनाशी जमले आहेत. थकलेल्या बाईला नवं पुस्तक नको असतं. नवी नावं, नवी नाती लक्षात ठेवायची तिच्यात ताकद नसते. तिला वाचलेलं, शेवट ठाऊक असलेलं पुस्तक द्यावं. रागावलेल्या बाईला शांत करणारी पुस्तकं देण्याची आपल्याकडे फार घाई असते. मला ते पटत नाही. रागाला आधी सोबत हवी असते, एखादी तितकीच रागावलेली लेखिका हवी असते. दुःखात मोठ्यानं हसवणारं पुस्तक कधीकधी बोचतं. त्यापेक्षा निसर्ग, पक्षी, प्रवास यांबद्दलचं, माणसांची फारशी गर्दी नसलेलं पुस्तक बरं. एकाकी बाईला मात्र गर्दी हवी, लांबलचक कौटुंबिक कादंबरी, महिनाभर मुक्कामाला येणारी माणसं. झोप न लागणाऱ्या बाईला रात्री रहस्यकथा देऊ नये, ती दिवस उगवेपर्यंत वाचेल. आणि काही दिवस असे असतात की काहीच वाचू नये. त्या दिवशी पुस्तक घेऊन जाऊच नका, नुसत्या जाऊन बसा.

अगदीच अंदाज येत नसेल तर दोन पुस्तकं न्या, एकमेकांपासून अगदी लांबची. एक तिच्या सध्याच्या विषयाच्या जवळचं, दुसरं त्याचा वाराही न लागलेलं. ‘यातलं एक ठेवून घे, दुसरं मी परत नेते’ म्हणा. कुठलं ठेवलं त्यावरून पुष्कळ कळतं. आणि शक्यतो विकत घेऊन देण्याऐवजी वाचनालयातून आणून द्या. भेट मिळालेलं पुस्तक न आवडणं म्हणजे उपकार नाकारल्यासारखं होतं, वाचनालयाचं पुस्तक न वाचता परत करायला काही वाटत नाही.

आता तुमचा ‘वेगळा विषय’. तो वेगळा नाही. सत्तेचाळीसाव्या वर्षी रजोनिवृत्तीच्या आधीचा काळ सुरू असणं अगदी स्वाभाविक आहे. या वर्षांत झोप मोडते, रात्री घाम येतो, शब्द जिभेवर येऊन अडतो, वाचलेलं पान दुसऱ्या दिवशी कोरं वाटतं. पुष्कळ वाचणाऱ्या बाईला याची धास्ती वाटते, कारण वाचन ही तिची ओळख असते. त्रास जास्त असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोला, उपाय आहेत. डोळेही तपासा; आईबरोबर स्वतःचीही वेळ घ्या. आणि तोवर कादंबरीचा हट्ट सोडा. एका बैठकीत संपणारी कथा वाचा, रोज एक. नॅन्सी पर्ल यांचाच आणखी एक नियम आहे : पन्नाशीपर्यंतच्या वाचकानं पुस्तकाला ५० पानं द्यावीत, नाही रमलं तर सोडावं, पन्नाशीनंतर शंभरातून आपलं वय वजा करावं आणि तेवढीच पानं द्यावीत. म्हणजे तुमच्या वाट्याला ५० पानं, तुमच्या आईच्या वाट्याला २६. हे आईला सांगा. अर्धवट सोडायची परवानगी मिळाली की पुष्कळ बायका पुन्हा पुस्तक उघडतात, असं मी पाहिलंय. आपल्या पिढ्यांना पानातलं टाकू नये हे शिकवलेलं असतं, ते आपण पुस्तकाच्या पानांनाही लावतो.

उरलं ते परत आलेलं पुस्तक. ते वाईट आहे असं समजून अडगळीत टाकू नका. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. ‘प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक’ हा दुसरा, आणि त्याला लागूनच तिसरा, ‘प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक’. एखाद्या वाचनालयाला ते देऊन टाका. तिथल्या कपाटासमोर कधीतरी एक बाई उभी राहील, कुणी पाहत नाही याची खात्री करून ते काढील आणि वाचायला नेईल.

आणि मैत्रिणीकडे या आठवड्यात जा. रिकाम्या हातानं जा. ‘माझं चुकलं, मला तू सगळी दिसायला हवी होतीस’ एवढंच म्हणा, जास्त स्पष्टीकरण देऊ नका. मग तिच्या पुस्तकांच्या कपाटापाशी उभ्या राहा आणि सांगा की वर्षभरात माझी एकही कादंबरी पुरी झालेली नाही, तुझ्याकडचं एखादं दे, तू निवड. ती विचारील, कसलं हवंय? तिला तुम्हाला आवडलेल्या एका पुस्तकाबद्दल सांगा. ती देईल ते घरी आणा, ५० पानं तरी वाचा, आणि परत द्यायला स्वतः जा.